यूकेत एक वर्षाचं मास्टर्स, कर्ज काढून पाठवावं का? भाचीसाठी सल्ला हवा

मराठवाडी_मामा :
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय पण सगळी परिस्थिती सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही. माझी भाची परभणीहून बी.टेक. फूड टेक्नॉलॉजी झाली, गेलं दीड वर्ष एका मसाल्याच्या कंपनीत क्वालिटीला आहे, पगार २२ हजार. तिला इंग्लंडमध्ये एम.एस्सी. फूड सायन्सची ऑफर आलीय, उत्तरेकडच्या शहरातली युनिव्हर्सिटी आहे, सप्टेंबर २०२६ चा इनटेक. फी १९,५०० पौंड, त्यातून २,००० ची सूट दिलीय, म्हणजे १७,५००. दाजींची वसमतकडं शेती आहे, हळद आणि सोयाबीन, ते शेत तारण ठेवायला तयार झालेत. एजंट म्हणतो राहण्याखाण्याचा खर्च पार्टटाइममधून निघतो, आणि कोर्स झाला की दोन वर्षांचा वर्क व्हिसा मिळतोच, त्यात कर्ज फिटतं. माझ्याकडं ८-९ लाख बाजूला आहेत, तेही द्यायचेत मला. पोरगी हुशार आहे, कष्टाळू आहे, पण आमच्या घरातून पासपोर्ट काढणारी ती पहिलीच, त्यामुळं कोणाला विचारावं हेच कळत नाही. खर्च खरा किती येतो, कर्ज फिटतं का, नोकरीचं काय, जे माहीत असेल ते स्पष्ट सांगा. वाईट वाटणार नाही.

शेफिल्डकर :
मामा, आधी एजंटच्या दोन वाक्यांबद्दल. दोन वर्षांचा जो व्हिसा म्हणतात तो ग्रॅज्युएट रूट. १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना तो १८ महिन्यांचाच मिळणार आहे, पीएचडीवाल्यांना तीन वर्षं तशीच राहणार. तुमची भाची सप्टेंबर २०२६ ला गेली तर तिचा कोर्स २०२७ मध्ये संपेल म्हणजे ती १८ महिन्यांतच येते. एजंटला हे माहीत नसेल तर तो एजंट बदला, आणि माहीत असून सांगत नसेल तर नक्कीच बदला. एजंटला युनिव्हर्सिटीकडून प्रत्येक विद्यार्थ्यामागं कमिशन मिळतं, हे लक्षात ठेवून त्याचं बोलणं ऐकायचं.

आता पार्टटाइम. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तास, त्याच्या वर एक तासही नाही. आणि मास्टर्सवाल्यांना उन्हाळ्याची सुट्टी अशी नसतेच, जून ते सप्टेंबर डेझर्टेशन, म्हणजे शेवटचा शोधप्रबंध, चालू असतं, तोही टर्मच धरतात. २१ वर्षांपुढच्यांना किमान वेतन एप्रिल २०२६ पासून तासाला १२.७१ पौंड आहे, म्हणजे पूर्ण २० तास मिळाले तर आठवड्याला २५४ पौंड. पण पूर्ण २० तास देणारं काम पहिल्याच महिन्यात मिळेल असं धरून बजेट करू नका, सप्टेंबर-ऑक्टोबरला त्याच शहरात हजारो पोरं तेच काम शोधत असतात. सायकलवर जेवण पोचवायची कामं तर अजिबात नाहीत, ते स्वयंरोजगारात येतं आणि स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे. दुसऱ्याच्या अकाउंटवर काम करणारी पोरं दिसतील, तिला आत्ताच सांगून ठेवा की त्या वाटेला जायचं नाही, पकडलं तर व्हिसा जातो आणि कर्ज तसंच राहतं.

पार्टटाइमवर घरभाडं किंवा किराणा निघाला तर चांगलंच, पण फी निघत नाही आणि कर्जाचा हप्ताही निघत नाही.

बँकवाले_काका :
मी शैक्षणिक कर्जाच्या डेस्कवर बरीच वर्षं काम केलंय. मामा, तुमच्या पोस्टमधल्या दोन गोष्टी आत्ताच दुरुस्त करायला हव्यात, नाहीतर ऐन वेळी धावपळ होईल.

पहिली, शेतजमीन. बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घेत नाहीत. घर, फ्लॅट, एन.ए. प्लॉट, मुदत ठेव हे चालतं. दाजींचं गावातलं घर गावठाणात असेल तर त्याचे कागद बँकेच्या वकिलाला आधी दाखवा. विनातारण देणाऱ्या खासगी वित्तसंस्था आहेत, पण त्यांचा व्याजदर जास्त असतो आणि काही जण शिक्षण चालू असतानाच व्याज भरायला लावतात. ते दरमहा भरणं दाजींना झेपणार आहे का हे हळदीचे पैसे वर्षातून एकदा येतात हे लक्षात घेऊन ठरवा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुमचे ८-९ लाख तुमच्या खात्यात असून व्हिसाला उपयोग नाही. यूकेच्या नियमात पैसे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा कायदेशीर पालकाच्या खात्यातच दाखवावे लागतात. मामा, काका, आजोबा चालत नाहीत. तुम्हाला द्यायचेच असतील तर तिच्या किंवा बहिणीच्या खात्यात ट्रान्सफर करा. त्यावर कर लागेल ही भीती असते लोकांना, पण आयकर कायद्यात आईचा भाऊ 'नातेवाईक' या व्याख्येत बसतो, मामाकडून भाचीला आलेली भेट करमुक्त आहे. साधं बक्षीसपत्र करून ठेवा, रोखीत देऊ नका.

किती दाखवायचे? वर्षाची जेवढी फी भरायची राहिलीय तेवढी, अधिक राहण्याचा खर्च. ११ नोव्हेंबर २०२५ पासून लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पौंड, नऊ महिन्यांचे १०,५३९. लंडनमध्ये १,५२९ प्रमाणे १३,७६१. हे पैसे सलग २८ दिवस खात्यात असायला हवेत, एक दिवस जरी रक्कम खाली गेली तरी २८ दिवस पुन्हा पहिल्यापासून. आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेच्या ३१ दिवसांच्या आत हवा. बँकेचं कर्ज मंजुरीचं पत्र असेल तर तेवढ्या रकमेला २८ दिवसांची अट नाही.

मनमाड_एक्सप्रेस :
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. ३५-४० लाखांत इथं परभणी-नांदेडकडं हळद पावडरचं छोटं युनिट उभं राहतं, पोरगी फूड टेक झालेली आहे, घरात हळद पिकते, केंद्राची पीएमएफएमई योजना आहे तिच्यात सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांना ३५ टक्के अनुदान मिळतं, कमाल १० लाखांपर्यंत. मग इंग्लंडला जाऊन दुसऱ्याच्या फॅक्टरीत बिस्किटं मोजायला का जायचं? माझ्या ओळखीतली दोन पोरं दोन वर्षं राहून परत आली, आता पुण्यात ४० हजारावर आहेत आणि हप्ता ४५ हजार. बाप हप्ता भरतो. मी स्वतः बघितलंय त्या घरात काय चाललंय ते.

शेफिल्डकर :
@मनमाड_एक्सप्रेस तुमचा मुद्दा खरा आहे, अशी घरं मीही बघितलीत. आकडे मांडूया सरळ.

फी १७,५००. वर्षभर राहणं-खाणं उत्तरेकडच्या शहरात काटकसरीनं ११,००० धरा. व्हिसा फी २०२५ च्या दरानं ५२४. हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं शुल्क, विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६, पण एक वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा साधारण १६-१७ महिन्यांचा मिळतो म्हणून दीड वर्षाचा घेतात, म्हणजे १,१६४. हे सगळं अर्ज करतानाच भरायचं. बेरीज ३०,२०० च्या घरात. पौंड १२० रुपये धरला तर ३६ लाख, त्यात विमानाचं तिकीट, टीबीची तपासणी, गरम कपडे, पहिल्या महिन्याचं डिपॉझिट आलं की ३७-३८.

मामांचे ९ लाख गेले तर कर्ज २८-२९ लाख. पूर्ण ३५ लाख ११ टक्क्यांनी दहा वर्षांना घेतलं तर हप्ता ४८ हजारांच्या आसपास येतो, २८ लाखांना साडेअडतीस हजार. शिवाय शिकत असताना चढणारं व्याज वेगळं. भारतातल्या फ्रेशरच्या पगारात हा हप्ता बसत नाही. यूकेतल्या पगारात बसतो. म्हणजे सगळा प्रश्न एकाच ठिकाणी येऊन थांबतो, त्या १८ महिन्यांत तिला स्पॉन्सर करणारी, म्हणजे पुढचा कामाचा व्हिसा मिळवून देणारी, नोकरी मिळेल का. त्यावर फूड लाइनमधल्या कोणीतरी लिहा, माझं क्षेत्र वेगळं आहे.

गणेश_लिंकनशायर :
लिहितो. मी अहिल्यानगरचा, इथं लिंकनशायरमध्ये रेडी मील बनवणाऱ्या फॅक्टरीत टेक्निकल टीममध्ये आहे, फूडमध्येच मास्टर्स करून इथंच लागलो.

पहिलं म्हणजे यूकेतला फूड उद्योग लंडनला नाही. स्पाल्डिंग, बॉस्टन, होल्बीच हा लिंकनशायरचा पट्टा भाजीपाला आणि तयार जेवणाचा, होल्बीचला तर लिंकन युनिव्हर्सिटीचं फूड मॅन्युफॅक्चरिंगचं राष्ट्रीय केंद्रच आहे, मग लेस्टर, नॉर्थहॅम्प्टन, यॉर्कशर. ह्या फॅक्टऱ्या गावाबाहेर शेतात असतात, बस दिवसातून दोन-चार, आणि शिफ्ट सकाळी सहाची. त्यामुळं सगळ्यात आधी ड्रायव्हिंग. तिला येतं का चारचाकी? नसेल येत तर आत्ता शिकायला लावा आणि लायसन काढून आणायला सांगा, भारतीय लायसनवर इथं १२ महिने गाडी चालवता येते, तेवढ्यात इथली थिअरी आणि प्रॅक्टिकल द्यायची. माझ्या बॅचमधल्या चांगल्या मार्कांच्या दोघी जणींना फक्त गाडी नसल्यामुळं इंटरव्ह्यूलाच जाता आलं नव्हतं.

दुसरं, तिचा मसाला कंपनीतला अनुभव सोनं आहे, तो बायोडेटात तळाशी टाकू नका. इथं प्रत्येक फॅक्टरीत विचारतात एचएसीसीपी (अन्नातले धोके आधीच ओळखून रोखायची पद्धत) केलंय का, बीआरसीजीएस (अन्नसुरक्षेचं मानक) ऑडिटला हजर होतीस का, ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी करणारे घटक, यांचं कंट्रोल कसं करता. मोहरी इथं कायद्यानं जाहीर कराव्या लागणाऱ्या १४ ॲलर्जन्समध्ये आहे, तीळ पण. मसाल्यात मोहरी आणि तीळ असलेल्या लाइनवर क्लीनडाउन, म्हणजे यंत्रांची पूर्ण सफाई, कसं करतात हे जिनं हातानं केलंय तिला इंटरव्ह्यूत बोलायला भरपूर आहे. तिला सांगा आत्ताच्या नोकरीत एखादं एक्स्पोर्ट ऑडिट असेल तर मागे लागून त्या टीममध्ये घुस. हे पुढचे सहा-आठ महिने फुकट घालवू नको.

तिसरं, स्पॉन्सरशिप. २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसाला काम पदवी पातळीचं असावं लागतं, काही ठरावीक अपवाद सोडून, आणि साधारण पगाराची अट ४१,७०० पौंड झालीय. पण नुकतं शिकून झालेल्यांना न्यू एन्ट्रंट म्हणून सवलत आहे, कमीत कमी ३३,४०० किंवा त्या कामाच्या ठरलेल्या दराच्या ७० टक्के, जे जास्त असेल ते. फॅक्टरीतलं पहिलं काम बहुतेक वेळा शिफ्टमधलं क्यूए, म्हणजे दर्जा तपासणीचं, असतं, त्यावर व्हिसा मिळेलच असं नाही. म्हणून ग्रॅज्युएट रूटच्या पहिल्या वर्षात क्यूएवर घुसायचं आणि आतल्या आत टेक्नॉलॉजिस्ट किंवा एनपीडीकडं, म्हणजे नवीन पदार्थ बनवणाऱ्या टीमकडं सरकायचं, असं बऱ्याच जणांनी केलंय. पूर्वी दोन वर्षं होती त्याला, आता दीडच, त्यामुळं घाई जास्त. आणि प्रत्येक कंपनीला स्पॉन्सर लायसन नसतं, सरकारच्या साइटवर परवानाधारक कंपन्यांची यादी सगळ्यांसाठी खुली आहे, अर्ज करायच्या आधी तिथं नाव शोधायचं, नाहीतर तीन-तीन राउंड देऊन शेवटी कळतं की ते देतच नाहीत.

आणि कॅलेंडर. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण डिसेंबरमध्ये ऐकतो. मोठ्या फूड कंपन्या आणि सुपरमार्केटच्या ग्रॅज्युएट स्कीम सप्टेंबर-ऑक्टोबरला उघडतात, पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरसाठी. म्हणजे पोरगी विमानातून उतरली, सिमकार्ड घेतलं, अजून वर्ग कुठं भरतो हे कळलं नाही, तेव्हाच हे अर्ज भरायचे असतात. इथं कॅम्पस प्लेसमेंट नावाचा प्रकार नाही, कंपनी कॉलेजात येऊन पोरं उचलून नेत नाही. डेझर्टेशन झाल्यावर बघू म्हणणाऱ्याचं एक अख्खं चक्र निघून जातं. बायोडेटा इथल्या पद्धतीचा, दोन पानांचा, फोटो नाही, जन्मतारीख नाही, वडिलांचं नाव नाही, हा भारतातूनच तयार करून आणायचा आणि पहिल्या आठवड्यात युनिव्हर्सिटीच्या करिअर सेंटरला दाखवायचा.

३३,४०० पगार असेल तर कर कापून महिन्याला २,३०० च्या आसपास हातात येतात. गावाकडच्या फॅक्टरीजवळ शेअरिंगमध्ये राहिलं तर त्यातून ३५०-४०० पौंड घरी पाठवता येतात. हप्ता निघतो. मजा फार करता येत नाही पण निघतो.

मराठवाडी_मामा :
गणेशराव, काय बोलू. हे सगळं प्रिंट काढून दाजींना वाचून दाखवलं. गाडीचं तर डोक्यातच नव्हतं कुणाच्या, उद्याच ड्रायव्हिंग स्कूलला नाव टाकतो. मनमाडवाले भाऊ, तुमचंही बरोबर आहे, हळदीच्या युनिटचा विचार घरात झाला होता, पण तिचं म्हणणं आहे आधी शिकू दे मग करू. भाचीला इथं सभासद व्हायला सांगितलंय, ती स्वतः विचारील.

वऱ्हाडी_रिसर्चर :
अभ्यासाबद्दल कोणी बोलूनच नाही राहिलं म्हणून लिहितो. मी स्कॉटलंडमध्ये पीएचडी करतोय, मास्टर्सच्या पोरांचे असाइनमेंट तपासतो, ट्यूटोरियल घेतो. आपल्याकडून येणाऱ्या पोरांना पहिला धक्का मार्कांचा बसतो. इथं मास्टर्सला ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. नागपुरात ८५ टक्के घेतलेली पोरगी ऑक्टोबरमध्ये ५८ घेऊन माझ्यासमोर रडत होती, मी तिला सांगितलं बाई हा वर्गातला बरा मार्क आहे. ७२-७५ च्या वर फार कमी जातात. घरी फोनवर ६२ सांगितले तर घरचे घाबरतात, मामा तुम्ही घाबरू नका आणि तिलाही घाबरवू नका.

दुसरा धक्का, पाठांतर चालत नाही. प्रोफेसर नोट्स देत नाही, गाइड नाही, इम्पॉर्टंट प्रश्न नाहीत. आठवड्याला दहा-बारा तासच वर्ग असतात, पोरांना वाटतं अरे किती मोकळा वेळ, आणि तो सगळा शिफ्ट करण्यात जातो. तो वेळ वाचायचा असतो. १८० क्रेडिट असतात, एक क्रेडिट म्हणजे साधारण १० तासांचं काम, त्यावरून अंदाज घ्या की वर्षात किती वाचायचंय. त्यातले ६० एकट्या डेझर्टेशनचे. आणि लिहिताना दुसऱ्याचं वाक्य संदर्भ न देता उचललं की चौकशी बसते. आपल्याकडं प्रोजेक्ट रिपोर्ट सीनियरचा घेऊन नाव बदलायची सवय असते, कोणी काही म्हणत नाही. इथं सॉफ्टवेअर पकडतं, मग समितीपुढं जावं लागतं, आणि कोर्समधून काढलं तर युनिव्हर्सिटीला ते होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या खात्याला, कळवावंच लागतं. एआयकडून लिहून घेण्याचं पण तेच. हजेरी पण व्हिसाशी जोडलेली आहे, सलग दांड्या चालत नाहीत.

पण हेही सांगतो, चूक काढली म्हणून मास्तर चिडेल असं इथं नाही. वर्गात हात वर करून मला हे पटत नाही म्हणायचं आणि का ते सांगायचं, ह्यालाच मार्क आहेत. आपल्या पोरी पहिले दोन महिने गप्प बसतात, मग एकदा तोंड उघडलं की असं बोलतात की ऐकत राहावं. पर्सनल ट्यूटर नेमून दिलेला असतो त्याला पहिल्याच महिन्यात भेटून घ्यावं. आजारी पडलं, घरी काही झालं, तर डेडलाइनच्या आधी अर्ज करून मुदत वाढवून मिळते, नंतर सांगून फायदा नाही.

अनघा_पुणे :
मामा, माझी मुलगी ग्लासगोला होती, मागच्याच वर्षी कोर्स पूर्ण झाला. आईच्या बाजूनं थोडं लिहिते. तुमच्या ताईंना दाखवा.

डिसेंबरमध्ये ग्लासगोला पावणेचारला अंधार पडतो. लंडनकडं चारच्या सुमाराला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागं जातात, मग आपल्यात आणि त्यांच्यात साडेपाच तासांचं अंतर होतं, उन्हाळ्यात साडेचार. नोव्हेंबर ते जानेवारी मुलं उगाच गळून गेल्यासारखी होतात, माझी मुलगी एरवी बडबडी, पण त्या दिवसांत फोनवर नुसतं हं हं करायची. आम्ही काळजीनं दिवसातून चारदा फोन करायचो त्यानं ती अजून वैतागायची. मग रविवारी सकाळी एकदाच निवांत बोलायचं असं ठरवलं, बाकी दिवस एक मेसेज. ते दोघींना मानवलं. युनिव्हर्सिटीत मोफत समुपदेशन असतं, ते घ्यायला लाजू नकोस असं जाण्याआधीच सांगून ठेवा, कारण एकदा मन खचलं की सांगून उपयोग होत नाही.

दात आणि चष्मा इथून करून पाठवा. तिकडं पोचल्या पोचल्या जवळच्या जीपीकडं, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडं, नाव नोंदवायचं, सरचार्ज भरलेला असल्यानं डॉक्टरकडं वेगळे पैसे लागत नाहीत, पण एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा, दंतवैद्य मिळणं फार अवघड आहे आणि खासगी परवडत नाही. औषधं इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागं ९.९० पौंड, स्कॉटलंडमध्ये फुकट. नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत बरोबर द्या.

आणि तूप देऊ नका. पेढे, बर्फी, खवा, श्रीखंड काही नाही, दुधाचे पदार्थ भारतातून न्यायला बंदी आहे. मेतकूट, गोडा मसाला, चटण्या, भडंग हे सगळं नेता येतं. पहिल्या आठवड्यात भात आणि मेतकूट एवढ्यावरसुद्धा मूल जगतं.

कॉर्क_कोकणी :
फूड सायन्सच असेल तर आयर्लंड बघितलं का? युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्कचा फूड विभाग जुना आणि नावाजलेला आहे, दुग्धउद्योग इथं प्रचंड मोठा. मास्टर्सनंतर स्टॅम्प १जी या परवान्यावर दोन वर्षं राहता येतं. २० तास टर्ममध्ये, जून ते सप्टेंबर आणि १५ डिसेंबर ते १५ जानेवारी ४० तास काम करता येतं. घरांची मात्र भयंकर टंचाई आहे, डब्लिनला तर विचारू नका. ह्या वर्षीची घाई नसेल तर एक अर्ज इकडंही टाकून बघा.

शाहूनगरी :
इतर वाचकांसाठी एक भर घालतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी ७५ जागा, जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मधल्या विद्यापीठात प्रवेश असावा लागतो. इतर प्रवर्गांसाठी आणि खुल्या गटासाठीही शासनाच्या वेगळ्या योजना आहेत. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, १२५ जागा. ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं, पण फी, राहणं, विमान सगळं त्यात येतं. मामा, भाचीचा दीड वर्षाचा अनुभव झालाच आहे, अजून थोडं थांबली तर पुढच्या फेरीत तिला चेवनिंगला अर्ज करता येईल, आणि हळदीच्या युनिटचं स्वप्न असेल तर परत येण्याची अट तिला जाचक नाही.

लंडनला किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर आहे, १९२१-२२ मध्ये बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला शिकताना तिथं राहत होते, २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनानं ते विकत घेतलं. शिष्यवृत्तीवर येणारी आमची पोरं लंडनला पोचली की सामान टाकून आधी तिथं जातात. त्या पोरांना मी बघतो तेव्हा कोणी त्यांना तुम्ही जाऊ नका म्हणावं असं मला वाटत नाही. पैशाची वाट नीट शोधून जा एवढंच म्हणणं आहे.

हळदीची_पोर :
नमस्कार, मीच ती भाची. मामांनी सगळं दाखवलं. सगळ्यांचे खूप आभार, विशेष करून गणेशदादांचे, मोहरीचं वाचून मी आमच्या लाइनचा क्लीनडाउन रेकॉर्ड पुन्हा काढून बघितला.

मला मनमाडच्या काकांना सांगायचंय की तुम्ही म्हणता ते युनिट मला करायचंच आहे. पण आमच्याकडची हळद बाहेर जाते तेव्हा शिशाचं प्रमाण, कीडनाशकांचे अंश यावर माल परत येतो, आणि तो का परत आला हे समजावून सांगणारं माणूस गावात कोणी नसतं. मला ती बाजू शिकायचीय, घेणाऱ्याच्या बाजूनं काय तपासतात ते आत राहून बघायचंय. त्यासाठी जायचंय.

दोन प्रश्न आहेत. राहायचं कसं शोधायचं, एका साइटवर फार स्वस्त खोली दिसली, मालक म्हणतो आधी पैसे भर मग चावी पोस्टानं पाठवतो. आणि दुसरं, चेवनिंगसाठी थांबायचं ठरवलं तर ही ऑफर जाते का?

शेफिल्डकर :
चावी पोस्टानं पाठवणारा मालक फसवणारा आहे. एक रुपया पाठवू नकोस. ही फसवणूक फार जुनी आहे, खोलीचे फोटो दुसऱ्याच जाहिरातीतून उचललेले असतात. पहिल्या वर्षाला युनिव्हर्सिटीचं हॉस्टेल किंवा त्यांनी मान्य केलेली खासगी हॉस्टेल्स घे, थोडं महाग पडतं पण वीज, पाणी, हीटिंग, इंटरनेट भाड्यातच असतं. खासगी घर घेतलंस तर मालक यूकेतला जामीनदार मागतो, तो आपल्याकडं कुठून येणार, त्यावर काही युनिव्हर्सिटी स्वतः जामीन राहतात, विचारून बघ. डिपॉझिट इंग्लंडमध्ये पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि घेतल्यापासून ३० दिवसांत ते सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं, त्याची पावती माग. खोलीत गेल्या दिवशी भिंतींचे, गालिच्याचे, गादीचे फोटो काढून मालकाला ईमेल कर. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, माफ असतो, त्याचं पत्र युनिव्हर्सिटी देते. आणि फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार बंद ठेव, खिडकी उघड, नाहीतर फायर अलार्म वाजून अख्खी इमारत थंडीत खाली येते.

ऑफर एक वर्ष पुढं ढकलता येते बऱ्याच ठिकाणी, ॲडमिशन ऑफिसला ईमेल करून विचार, एजंटमार्फत नको, स्वतः. मात्र ती २,००० ची सूट पुढच्या वर्षी तशीच राहील का हे त्याच ईमेलमध्ये लेखी मागून घे. आणि डिपॉझिट भरण्याआधी विचार, नंतर नाही.

गणेश_लिंकनशायर :
शिशाचं आणि अंशांचं वाचून बरं वाटलं. असं असेल तर डेझर्टेशनचा विषय आत्ताच डोक्यात ठेव, मसाल्यातली भेसळ आणि जड धातू. इथं सुपरमार्केटला मसाले पुरवणाऱ्या कंपन्यांना हाच प्रश्न रोज पडलेला असतो. ऑफर आलेल्या विभागात हे तपासायची यंत्रं आहेत का, कोणी प्राध्यापक यावर काम करतो का ते बघ, नसेल तर त्या विभागाचा विचार पुन्हा कर. क्रमवारीपेक्षा हे महत्त्वाचं.

मनमाड_एक्सप्रेस :
पोरी, तुझं उत्तर वाचलं. तुझ्यासारखा नेमका हेतू असेल तर माझा विरोध नाही. परत येशील तेव्हा पीएमएफएमईच्या कागदपत्रांना मला सांग, मी दोघांचे प्रकल्प अहवाल करून दिलेत.

मराठवाडी_मामा :
काल रात्री सगळे बसलो. ठरलं असं की ॲडमिशन ऑफिसला ईमेल करायचा, सूट लेखी मिळाली तर एक वर्ष थांबून चेवनिंग आणि शासनाच्या योजनेला अर्ज, त्या वर्षात ड्रायव्हिंग आणि कंपनीतली ऑडिट टीम. सूट मिळाली नाही तर ह्याच सप्टेंबरला जायचं, कर्ज घरावर, शेताला हात लावायचा नाही. बहीण म्हणाली निदान आता कशाची भीती बाळगायची ते तरी कळलं.

बँककाका, शेवटचं एक सांगा, ह्या सप्टेंबरलाच जायचं झालं तर माझे पैसे तिच्या खात्यात कधी टाकू?

बँकवाले_काका :
जूनच्या पहिल्या आठवड्यात टाका, आणि बक्षीसपत्रावर तीच तारीख असू द्या. सीएएस, म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो प्रवेशाचा दाखला, साधारण जून-जुलैत येतो, तोपर्यंत २८ दिवस होतात. मोजताना अर्जाच्या दिवशीचा पौंडाचा दर धरतात, म्हणून हिशेबापेक्षा ५०-६० हजार जास्त ठेवा, दर वर गेला तरी कमी पडायला नको. त्या खात्याचं एटीएम कार्ड आणि फोनवरची पेमेंट ॲप त्या काळात बंद ठेवा. फी कर्जातून जाणार असेल तर ती बँकेकडूनच थेट पाठवा, १ एप्रिल २०२५ पासून कर्जातून पाठवलेल्या फीवर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर, लागत नाही. टीबीची तपासणी मान्यताप्राप्त यादीतल्या केंद्रातच, दाखला सहा महिने चालतो, मे अखेरीला केली तर बसते. आणि तिचा जन्मदाखला काढून त्यावर आईवडिलांची नावं पासपोर्टप्रमाणे आहेत का ते आजच बघा, वडिलांच्या खात्यातले पैसे दाखवायचे झाले तर तो लागतो, आणि ग्रामपंचायतीकडून दुरुस्ती करून घ्यायला वेळ जातो.